खिशातला वेग

आधीच सांगून ठेवतो, मी काही रडका माणूस नाही. बायको म्हणायची, "डेल, तू आपल्या लग्नातसुद्धा घड्याळ बघत होतास." खरंच बघत होतो. पण शनीभोवती फिरणाऱ्या आमच्या कर्लू यानाचा शेवटचा दिवस आठवला की अजूनही डोळे पुसावे लागतात, आणि ते त्या यानासाठी नाही. यानं काय, जायचीच. आम्हीच त्यांना घालवतो.

माझं काम वाटा आखायचं. शनी-गुरूसारख्या मोठ्या ग्रहांना पुष्कळ चंद्र असतात. त्यांच्यामधून यानाने कधी, कुठून, कोणाच्या किती जवळून जायचं ते मी ठरवायचो. लोकांना वाटतं, तिथे गेलेलं यान इंजिनाच्या जोरावर हिंडत असेल. छे! एवढं इंधन नेणार कोण? शनीपाशी टायटन नावाचा एक दांडगा चंद्र आहे. त्याच्या जवळून गेलं की तो आपल्या ओढीने यानाची वाट वळवून देतो, तीही फुकट. त्याच्याकडून वळण घ्यायचं, हव्या त्या चंद्राला भेटून यायचं आणि पुन्हा टायटनच्याच दाराशी येऊन उभं राहायचं, कारण पुढचं वळणही तोच देणार. एक भेट हुकली की पुढच्या वीस बोंबलल्या. इंधन लागतं ते मधल्या डागडुजीला. ते आम्ही किलोत मोजत नाही. त्या इंधनाने यानाचा वेग अजून किती बदलता येईल, त्यात मोजतो. सेकंदाला इतके मीटर. बोलताना नुसतं मीटर म्हणतो.

आता खिशाबद्दल. माझा पहिला साहेब वायली स्ट्रँड. मी नवा होतो. गणित केलं, उत्तर आलं ते प्रामाणिकपणे कागदावर लिहिलं. वायलीने कागद बघितला, मग मला बघितलं.

"बत्तीस आलं म्हणून बत्तीस लिहिलंस?"

"हो. तेवढंच आलं."

"वेडा का खुळा तू? बत्तीस आलं तर चाळीस सांगायचं. वरचे आठ खिशात. उद्या झडप अडकली, काही बिनसलं, तर तेच आठ तुझी अब्रू वाचवतील. आणि खरं सांगितलंस तर कोणीतरी शहाणा ते आधीच वाटून खाईल."

"बाकीचेही असंच ठेवतात?"

"ते विचारायचं नसतं," वायली म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

तेव्हापासून पस्तीस वर्षं मी मूठ झाकून ठेवली. सगळेच ठेवतात. आमच्यात त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, सावधपणा म्हणतात. आणि दुसऱ्याच्या खिशात किती आहे हे विचारणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं.

त्या नोव्हेंबरात मिन्नी हिराओका माझ्या खोलीत आली. हातात कागदी पिशवी, पिशवीत घरच्या झाडाची पर्सिमनची फळं, टोमॅटोसारखी दिसणारी, नारिंगी, गोड. दर नोव्हेंबरला ती मजल्यावरच्या सगळ्यांना वाटायची. मिन्नी आमच्यातली सगळ्यात जुनी शास्त्रज्ञ, वय शहात्तर, हृदयात दोन झडपा नव्या घातलेल्या. तिचा जन्म छावणीतला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना डांबून ठेवलं होतं तिथला. सुटून आल्यावर वडिलांनी जन्मभर इथल्याच ऑल्टाडेना गावात लोकांची हिरवळ कापली आणि पोरांना एकच शिकवलं, कोणाकडे काही मागायचं नाही. म्हणून ती पिशवी ठेवून चक्क खुर्चीवर बसली, तेव्हाच मी ओळखलं की आज काहीतरी मागायला आली आहे.

"बोल ना, मिन्नी. फळं द्यायला तू बसत नाहीस कधी."

"डेल, पुढच्या दोन वर्षांची वाट तू आखतोयस. त्यात आयापेटसला जाता येईल का?"

आयापेटस म्हणजे शनीचा लांबचा चंद्र. अर्धा काळाकुट्ट, अर्धा पांढरा. त्याच्या कमरेवर बरोब्बर मधोमध एक डोंगररांग आहे, तेराशे किलोमीटर लांब, काही ठिकाणी वीस किलोमीटर उंच. अक्रोडाला शिवण असते ना, तशी. ती कुठून आली कोणाला ठाऊक नाही. बहुतेकजण म्हणतात, आतून वर आली. मिन्नीने सव्वीस वर्षांपूर्वी लिहिलं होतं की ती वरून पडली. कोणे एके काळी त्या चंद्राला स्वतःचं कडं होतं, ते कोसळलं आणि त्याचे दगड-गोटे बर्फासकट कमरेवर बरसत राहिले. लोक हसले. परिषदेत कोणी उशिरा आलं की म्हणायचे, "छत्री आणलीस ना? मिन्नीचा पाऊस यायचाय." तीही हसायची. पण घरी जाऊन तिने कितीदा उशीत तोंड खुपसलं असेल हे तिचं तिलाच माहीत.

"कितीवरून जायचं?" मी विचारलं.

"तीनशे किलोमीटर. रांगेच्या डोक्यावरून, उजेडाच्या बाजूने. मग आत मूळ आहे की नुसता ढीग, ते रांगेची ओढ यानाला किती हिसका देते त्यावरूनच कळेल. एक फेरी पुरे, डेल. माझं चुकलं असेल तरी चालेल. पण कळू दे."

"मिन्नी, तो चंद्र भलत्याच आडवाटेला आहे."

"माहीत आहे. म्हणून तर सव्वीस वर्षं विचारलं नाही." पिशवीची कड दुमडत ती म्हणाली, "पुढचं यान पोचेपर्यंत मी काही नसणार."

मी कामाला लागलो. तीन आठवडे दुसरं काही केलं नाही. आणि सापडली की हो वाट! टायटनला पाच वेळा घासून कक्षा उचलायची, लांबवायची, आणि एकोणीस महिन्यांनी आयापेटस बरोबर त्या जागी येतो तेव्हा त्याच्या कमरेवरून जायचं. परतताना पुन्हा टायटन. पस्तीस वर्षांत इतकी देखणी वाट मी आखली नव्हती. खर्च आला बत्तीस. मी लिहिले चाळीस. हाताने आपोआप लिहिले, शप्पथ सांगतो, मनात काही आलंसुद्धा नाही.

डिसेंबरात बैठक झाली. आमच्या प्रमुख बाईंसमोर तीन माणसं आकडे सांगणार होती. वाटेचा खर्च मी. वाट भरकटली की ती जागेवर आणायचा खर्च लूपे अरियागा. ती यान हाकते, जिभेने तिखट, मनाने लोणी. आणि टाकीत किती उरलंय ते गारो तेर्झियान. शेजारच्या ग्लेंडेल गावचा आर्मेनियन, सगळ्यांना नावापुढे 'जान' लावतो, प्रमुख बाईंनासुद्धा. टाकीत डोकावून बघता येत नाही. इंजिन आजवर किती वेळा, किती सेकंद चाललं याच्या बेरजेवरून उरलेलं ओळखायचं. मिन्नी भिंतीशी बसली होती, मांडीवर वही.

"वाटेला चाळीस," मी म्हणालो.

"डागडुजीला बावीस," लूपे म्हणाली.

"म्हणजे बासष्ट. गारो, तुझ्याकडे किती?"

गारोने कागद उगाच खालीवर केले. "शेवटच्या बुडीचं राखीव बाजूला ठेवून... त्रेचाळीस."

शेवटची बुडी म्हणजे यानाला मुद्दाम शनीत पाडणं. इंधन संपून ते भलतीकडे भरकटलं आणि जिथे जीव असू शकेल अशा एखाद्या चंद्रावर आदळलं, तर इथले जंतू तिथे जायचे. म्हणून त्या राखीवाला देवाचा बाप आला तरी हात लावता येत नाही.

"एकोणीस कमी," प्रमुख बाई म्हणाल्या. "कोणाला काही कमी-जास्त करता येईल?"

आता नीट ऐका. त्या खोलीत त्या वेळी काय झालं ते मला फार उशिरा कळलं. मी मनात म्हटलं, माझ्या खिशात आठ आहेत. आठ काढून टेबलावर ठेवले तरी अकरा कमीच. मिन्नीला फेरी मिळायची नाही ती नाहीच, वर माझे आठ दुसरंच कोणीतरी पळवेल. कशाला? हात दाखवून अवलक्षण. मी मान हलवली. लूपेनेही हलवली. गारो खिडकीबाहेर बघत होता. पार्किंगमध्ये डोंगरातून उतरलेलं हरीण उभं होतं, ते बघत होता म्हणे.

"मग जवळची वाट घेऊ," बाई म्हणाल्या. "त्रेचाळीसमध्ये बसते ती. सॉरी, मिन्नी."

"नाही नाही, सॉरी कसलं," मिन्नी म्हणाली आणि तिने वही मिटली.

जेवणाच्या सुट्टीत मी तिला शोधत कॅन्टीनबाहेर गेलो. ती बाकावर एकटी बसली होती, पुढे सूप निवत होतं.

"डेल, एकोणीस मीटर म्हणजे नक्की किती रे? आपल्या इथल्या हिशोबात."

"ताशी त्रेचाळीस मैल."

"फूटहिल बुलेव्हार्डवर लोक याहून जोरात जातात."

"हो."

"मीसुद्धा जाते. मागच्या वर्षी पोलिसाने पकडलं होतं मला." ती हसायला लागली आणि हसता हसता तिने रुमाल काढला. "दीड अब्ज किलोमीटर गेलं ते यान. आणि अडलं कशाला, तर माझ्या गाडीच्या वेगाला."

मला त्याच क्षणी म्हणता आलं असतं, मिन्नी, माझ्याकडे आठ आहेत. बाकीच्यांना विचारून येऊ का? जीभ उचललीच नाही. विचारायचं नसतं हे माझ्या हाडात भिनलेलं होतं. मी म्हणालो, "सूप गार होतंय." शिव्या घाला मला. मी रोज घालतो.

त्यानंतर दोन वर्षं कर्लू जवळच्या वाटेने गेलं. त्या वाटेच्या आकड्यातही मी आठ खिशात घातले होते, ते कधी काढावे लागलेच नाहीत. चांगलं काम झालं, फोटो वर्तमानपत्रांत आले. ज्या दिवशी लांबच्या वाटेने आयापेटस गाठला असता, तो दिवस मी कॅलेंडरवर कधीच लिहिला नव्हता, तरी मला पाठ होता. त्या दिवशी मिन्नी रजेवर होती. मी फोन केला तर म्हणाली, "झाडाला पाणी घालतेय."

मग शेवटचा दिवस आला. सकाळचे अकरा. मोठ्या खोलीत माणसं दाटलेली, शेंगदाण्यांच्या बरण्या फिरत होत्या. आमच्याकडे तो शकुन, शेंगदाण्यांशिवाय काही सुरूच होत नाही. बुडीचं राखीव इंधन आठवड्यापूर्वीच वापरून झालं होतं. यान शनीकडे सुटलेलं, आता कोणाच्या बापाला ते वळवता येणार नव्हतं. कागदावर टाकीत शून्य. पण अशा वेळी एक रीत आहे. पडण्याआधी इंजिन चालू करून खोकेपर्यंत चालवायचं, म्हणजे आपली बेरीज कितपत खरी होती ते कळतं आणि पुढच्या यानाला उपयोगी पडतं. कोणाचा अंदाज बरोबर येतो यावर पैजा लागतात. कोणी एक मीटर म्हणत होतं, कोणी दोन.

मिन्नीला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. बरीच वाळली होती. काठी मांडीवर आडवी.

"मिन्नी जान, तुम्ही किती म्हणता?" गारोने विचारलं.

"मी पैज लावत नाही बाबा. पण दीड म्हण."

इंजिन सुरू झालं. म्हणजे ऐंशी मिनिटांपूर्वीच झालं होतं, आम्हाला बातमी आत्ता पोचत होती. पडद्यावर आकडा चढायला लागला. ते इंजिन चिमुकलं, मिनिटाला एक मीटर. एक. दोन. टाळ्या वाजल्या. तीन झाल्यावर कोणीतरी ओरडलं, "गारो, टाकीत काय पाणी घातलंस का रे?" हशा झाला. पाच. सहा. सातपर्यंत लोक हसत होते. दहाला हसू कमी झालं. पाहुण्यांना काही कळत नव्हतं, त्यांना वाटलं चांगलंच चाललंय. ते टाळ्या वाजवत राहिले.

माझ्या हातातले शेंगदाणे ओले झाले होते. मी लूपेकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. बारा. तेरा. गारो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता, ओठ हलत होते, पुटपुटत होता. थांब, थांब आता, असंच म्हणत असणार, कारण मीही तेच म्हणत होतो. देवा, खोकू दे त्या इंजिनाला. आयुष्यात कधी यानाचं इंधन संपावं म्हणून प्रार्थना केली नव्हती, ती त्या दिवशी केली. पंधरा. सोळा. सतरा.

मिन्नीची पाठ मला दिसत होती. अठरा झाले तेव्हा ती सरळ बसली. आकडा एकोणिसावर आला, पलटला, वीस झाला. तिने काठी जमिनीवर टेकवली. उठली नाही. नुसती दोन्ही हातांनी धरून बसली.

बाविसावर इंजिन खोकलं आणि गेलं.

पाहुण्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तासाभरात यानही गेलं, शनीच्या ढगात. आवाज येत होता, येत होता, मग नुसती खरखर. लोक गळ्यात पडले, केक कापला. मी, लूपे आणि गारो शेजारच्या छोट्या बैठकीच्या खोलीत जाऊन बसलो. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. दिवाही कोणी लावला नाही.

दार उघडून मिन्नी आत आली. काठी टेकत आमच्यासमोर उभी राहिली. गारोने खुर्ची पुढे केली, तिने नको म्हटलं.

"डेल, तुझ्याकडे किती होते?"

पस्तीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "आठ," मी म्हणालो.

"लूपे?"

"सहा." लूपेचा आवाज चिरका झाला. "मिन्नी, मला वाटलं सहांनी काय होणार..."

"गारो?"

गारो रडत होता. साडेसहा फुटी माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत होता. "नऊ. मिन्नी जान, नऊ होते. आईशपथ, मला वाटलं..."

"आठ आणि सहा चौदा, चौदा आणि नऊ तेवीस," मिन्नी म्हणाली. "बावीस निघाले. एक कुठे गेला कोण जाणे."

मला पाय धरावेसे वाटले तिचे. म्हटलं, "मिन्नी, मला माफ कर. मी तेव्हा बोलायला हवं होतं."

"कशाबद्दल माफ करू? आठांनी काही झालं नसतं, डेल. तुझं गणित बरोबर होतं." तिने लूपेच्या खांद्यावर हात ठेवला. "सहांनीही झालं नसतं." मग गारोकडे वळली. "नऊनेही नाही. तुमच्यातलं कोणीच चुकलं नाही."

अहो, त्यापेक्षा तिने काठी हाणली असती तर बरं झालं असतं! तिघांनाही ती वेगवेगळी सोडवत होती. आवाजात राग नाही की टोमणा नाही. थेंबे थेंबे तळं साचलं होतं, आणि ती काठावर कोरड्या घशाने उभी राहून थेंबांची समजूत घालत होती.

मी उठलो. "चल, तुला घरी सोडतो."

"नको. माझी भाची आली आहे गाडी घेऊन." दारापर्यंत जाऊन ती थांबली. तिचे डोळे मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले, लाल झालेले. "तुम्ही तिघं इथेच थांबा. एकमेकांशी बोला."

दार लागलं. तिची काठी वाजत वाजत लांब गेली. शेजारच्या खोलीत केकवरून हसणं चाललं होतं. आम्ही तिघं टेबलाशी बसून होतो, खाली बघत, आणि आधी कोण बोलतंय याची वाट बघत होतो.